पाठमोरा फोटो

आमच्या काकू मुलाखतीला गेल्या की आधी जमिनीवर बसतात. गुडघे असे झालेत की बसताना "आई गं" म्हणतात आणि उठताना मला हात द्यावा लागतो, पण बसणार जमिनीवरच. समोर खुर्ची असू दे, पलंग असू दे, घरचे कितीही आग्रह करू देत. "पोरापेक्षा उंच बसलं की आपण शाळेतल्या बाई होतो," त्या म्हणतात, "आणि बाईंना कुणी खरं सांगत नाही."

मी त्यांच्याबरोबर फोटो काढायला जाते. म्हणजे कॅमेरा घेऊन जाते. बऱ्याचदा तो पिशवीतच राहतो आणि ऑफिसात माझी थट्टा होते, की ही कसली फोटोग्राफर, ही तर काकूंना उठवायला नेलेली काठी. म्हणू देत. हीच माणसं घरी पोरगं रडलं की त्याच्या तोंडासमोर फोन धरतात, त्यांच्याकडून मी काय शिकणार.

आमचा पेपर छोटा. खाली छापखाना, वर आम्ही. मशीन सुरू झालं की टेबलावरचे चहाचे कप आपोआप सरकायला लागतात, आणि नवीन माणूस असला की तो दचकून उठतो. काकू इथे आल्या त्या मुद्रितशोधक म्हणून, दुसऱ्यांच्या चुका काढायला. चुका काढता काढता एक दिवस त्यांनी बातमीतलं एका मुलाचं नावच काढून टाकलं. चोरीच्या संशयावरून धरलेलं पोर होतं. संपादक म्हणाले, "अहो, नाव बरोबर होतं." काकू म्हणाल्या, "हो, बरोबर होतं म्हणूनच काढलं." तेव्हाचे संपादक शहाणे असावेत. त्यांनी काकूंना शोधकाच्या टेबलावरून उठवून वार्ताहर केलं, आणि मुलांच्या बातम्या आल्या की काकूंनी जायचं असं ठरून गेलं.

लोक मला हळूच विचारतात, काकूंच्या लहानपणी काहीतरी झालं असेल ना? काही झालेलं नाही. चार भावंडांत धाकट्या, लाडात वाढल्या, नवरा साधा, स्वयंपाकही तोच करतो. कळवळा यायला आधी आपलं घर जळावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी लांबूनच नमस्कार करते.

काकूंची एक पद्धत मात्र सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलंय. आवाज टिपायचं छोटं यंत्र त्या पोराच्या हातात देतात. कुठलं बटण दाबलं की सुरू, कुठलं दाबलं की बंद, ते पोराकडूनच दोन-तीनदा करून घेतात. मग म्हणतात, "नको वाटलं की बंद कर. मला विचारायचं नाही, सांगायचंही नाही." आणि पोरानं बंद केलं की विषय संपला. त्या पुढचं एक अक्षर विचारत नाहीत. छापायच्या आधी पुन्हा जातात, लिहिलेलं वाचून दाखवतात, आणि पोर म्हणेल ते वाक्य खोडतात. यापायी आमच्या पेपरनं कितीतरी बातम्या घालवल्या. साहेब, म्हणजे आत्ताचे संपादक, यावरून काकूंवर सारखे चिडलेले असतात.

तर गेल्या वर्षी एका कारखान्याच्या इमारतीला आग लागली. खाली काम चालायचं, वर कामगारांची घरं. मागच्या दाराला मालकानं कुलूप घातलेलं. त्यात एका मुलीचे वडील गेले. आईला दवाखान्यात ठेवलं. मुलगी वाचली. मुलीचं नाव मी सांगणार नाही. मला माहीत आहे, पण सांगितलं तर काकू माझा कान उपटतील, आणि ते बरोबरच होईल.

दवाखान्याच्या दाराशी ती मावशीचा हात धरून उभी होती. तिथे आम्ही पेपरवाले आणि चॅनेलवाले असे तुटून पडलो होतो की मधे ती मुलगी आहे हे मागच्यांना दिसतसुद्धा नव्हतं. सगळ्यात पुढे एका चॅनेलचा माईकवाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो माणूस. त्यानं तिला विचारलं, "बाळा, पप्पांची आठवण येते का? काय वाटतंय तुला?" ती काय बोलली ते मला मागे ऐकू आलं नाही. काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा कॅमेरा धरला, खाली केला, आणि म्हणाल्या, "तिचा नको. काढायचाच असेल तर यांचा काढ." मी यांचा काढला. नुसत्या पाठी, कोपरं आणि माईक. मग काकू गर्दीत घुसायला गेल्या, पण तोवर उशीर झाला होता.

त्या मुलीचं ते बोलणं घराघरांत गेलं. शाळेतल्या पोरांनी ते फोनवर पुन्हा पुन्हा लावलं, तिच्या आवाजाची नक्कल केली आणि तिला "आगवाली" म्हणायला सुरुवात केली. पोरं वाईट नसतात, पण मोठ्यांनी हातात दगड दिला की भिरकावतात. ती शाळेत जायची थांबली. आईला बरं व्हायला बराच वेळ लागणार होता, म्हणून शेवटी मावशीनं तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडे नेलं, केस बारीक कापले आणि नव्या शाळेत घातलं. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. तिथे ती फक्त एक नवीन मुलगी होती. हे सगळं काकूंना ठाऊक होतं, कारण त्या अधूनमधून मावशीकडे जायच्या. बातमीसाठी नाही, अशाच.

आगीला वर्ष होत आलं तसं साहेबांनी बैठक घेतली.

"पहिल्या पानावर ती मुलगी," साहेब म्हणाले. "आज ती कशी आहे. फोटो मोठा. मी तिच्या मावशीला फोन केला होता, ती हो म्हणाली."

"हो म्हणणारच," काकू म्हणाल्या. "शिवणकाम करणारी बाई आहे. पेपरवाल्यांना नाही म्हणता येतं हेच तिला माहीत नाही. मुलीला कुणी विचारलं?"

"काकू, मुलगी लहान आहे."

"म्हणून तर विचारायचं. ती नव्या शाळेत जाते, साहेब. तिथे तिला कुणी ओळखत नाही. तुमचा पेपर तिथे सकाळी शिक्षकांच्या खोलीत येतो."

साहेब वाईट माणूस नाहीत. घाबरट आहेत, ते वेगळं. त्यांनी मधला मार्ग काढला. "बरं, तोंड नको दाखवू या. पाठमोरा घेऊ. खिडकीशी उभी राहील, बाहेर बघत असेल. पाठमोऱ्या फोटोत काय ओळखणार आहे? आपलंही काम झालं, तिचंही झालं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या धंद्यात ही समजूतच आहे, की पोराला पाठमोरं उभं केलं की आपलं पाप धुतलं गेलं. काकू काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बैठक संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "आज सगळ्यांचे पाठमोरे फोटो काढ. कुणाला सांगू नकोस."

दिवसभर मी लोकांच्या मागे मागे फिरले. कुणी नळावर बाटली भरत होतं, कुणी खिडकीशी फोनवर बायकोला थापा मारत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ते सगळे फोटो सूचनाफलकावर ओळीनं टाचले, वर काही लिहिलं नाही, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

पुढचा अर्धा तास ऑफिसात नुसता हशा. "हा बघा क्रीडावाला, एक खांदा वर एक खाली." "ही जाहिरात विभागातली, वेणीला कायम तेच रबर." "अरे, हा तर मीच." साहेब बाहेर आले, तेही फलकाशी उभे राहिले. त्यांनी एकेकाला पटापट ओळखलं, एकदाही चुकले नाहीत. शेवटच्या फोटोशी आले आणि थांबले. डोक्यामागे मोकळं तळं, त्याच्या काठाला विंचरून बसवलेले केस, आणि दोन्ही हात मागे बांधलेले.

"हा माझा आहे," साहेब म्हणाले.

"ओळखलात?" काकू जागेवरूनच म्हणाल्या. "तुम्ही तर आपली पाठ आरशातसुद्धा बघत नाही. वर्गातली पोरं दिवसभर एकमेकांच्या पाठीच बघत बसलेली असतात, साहेब."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पटलंही. फोटो रद्द झाला. मुलाखत तरी आणा, एवढं म्हणून ते आत गेले.

मावशीची खोली एवढीशी. शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेली गादी. काकू गठ्ठे बाजूला सारून जमिनीवर बसल्या. हातातलं घड्याळ काढून पिशवीत टाकलं, म्हणजे पोराला वाटायला नको की यांना जायची घाई आहे. मुलगी मशीनच्या पलीकडे उभी होती. मावशीनं "बोल गं, ताई विचारतायत ते सांग" म्हटल्यावर काकूंनी मावशीलाच थांबवलं. "तिनं सांगितलं नाही तरी चालेल. मग आम्ही चहा पिऊन जाऊ."

मुलीनं यंत्र हातात घेतलं. सुरू केलं, बंद केलं, सुरू केलं. मग बंद केलं आणि काकूंकडे बघत राहिली. काकूंनी चहा मागितला. चहा आला. मावशीच्या शिवणाबद्दल बोलणं झालं, काकूंच्या गुडघ्यांबद्दल झालं. मुलगी ऐकत होती. मला वाटलं, झालं, घोडं इथेच पेंड खाणार. तेवढ्यात तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "मला आगीचं नाही सांगायचं."

"नको सांगू," काकू म्हणाल्या.

"मला त्या माईकवाल्या काकांचं सांगायचंय."

मी भिंतीला टेकून उभी होते, ती सरळ झाले.

"मी एकदा सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "पप्पांचं. मग मागून गाडी गेली, हॉर्न वाजला. तर ते म्हणाले, आवाज नीट आला नाही, परत एकदा बोल. आणि मगाशी रडली होतीस तशीच बोल. मला रडू येत नव्हतं. मग मी खोटं रडले. तेच सगळीकडे लावलं." तिनं यंत्र दुसऱ्या हातात घेतलं. "पोरं त्याचीच नक्कल करायची. खोट्या रडण्याची. मला सांगताच येईना की मी खरं आधी रडले होते."

काकूंनी "का" विचारलं नाही. त्या कधीच विचारत नाहीत. का म्हटलं की पोराला वाटतं आपलंच चुकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या काकांचं चुकलं. तुझं काही चुकलं नाही. मी तिथे होते आणि मला तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही." मुलीनं बटण बंद केलं. काकू लगेच दुसरं बोलायला लागल्या. आज संध्याकाळी काय करणार, गृहपाठ आहे का, मैत्रीण कोण मिळाली. पोराला तिथे जळत्या घरात सोडून आपण उठून यायचं नाही, हा त्यांचा नियम. मैत्रिणीचं नाव सांगताना मुलगी हसली, तेव्हा काकूंनी उठण्यासाठी माझ्याकडे हात केला.

खाली उतरल्यावर रस्त्यात मी एका दुकानाच्या फळीवर लाथ मारली. पायाला लागलं. काकू म्हणाल्या, "ती मोडली असती तर भरून कुणी दिली असती?" पण त्यांचेही डोळे लाल होते.

त्यांनी लेख लिहिला. त्यात आग नव्हती. कारखाना नव्हता, दवाखाना नव्हता, मुलगा की मुलगी तेही नव्हतं. एका लहान माणसाला कॅमेऱ्यासमोर पुन्हा रडायला लावलं, एवढंच होतं, आणि आपण बातमीदार पोरांशी कसं वागतो ते होतं. कुलपाची आणि मालकाची बातमी त्यांनी वेगळी लिहिली, मोठ्या माणसांना विचारून. मग लेख घेऊन पुन्हा मावशीकडे गेलो. मुलीनं सगळं ऐकलं आणि एक वाक्य काढा म्हणाली. ते लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. काकूंनी हूं की चूं न करता खोडलं. कुठलं वाक्य ते मी सांगणार नाही. खोडलेलं म्हणजे खोडलेलं.

खरा तमाशा पुढेच झाला. लेखाबरोबर काकूंनी माझा तो जुना फोटो दिला. दवाखाना दिसत नाही, दार दिसत नाही, पोर दिसत नाही, फक्त पाठी आणि माईक. साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. माईकवाल्याच्या शेजारी जो चौकड्यांचा शर्ट होता, अर्धा खोचलेला अर्धा बाहेर, तो आमचाच माणूस होता. आमचा शहर वार्ताहर. आणि साहेबांचा सख्खा मेहुणा.

"हा छापता येणार नाही," साहेब म्हणाले. "लेखही जरा मवाळ करा. आपल्याच धंद्यावर थुंकायचं म्हणजे काय?"

मेहुणाही आला. "भाऊजी, मी एक शब्द विचारला नव्हता तिला. मी फक्त उभा होतो."

"उभा होतास आणि दुसऱ्यांदा बोलली ते लिहून घेतलंस," काकू म्हणाल्या. "आपल्याच पेपरात छापून आलंय ते. हुंदके देत म्हणाली, असं."

मेहुण्यानं शर्टाचं बाहेर आलेलं टोक आत खोचलं. साहेब म्हणाले, "काकू, हा घरचा माणूस आहे. याला चारचौघांत तोंड दाखवता येणार नाही."

काकू उठल्या. मी हात द्यायला गेले, तर तो झिडकारून आपल्या आपण उठल्या, टेबलाचा आधार घेत. "तोंड कुठे दिसतंय, साहेब?" त्या म्हणाल्या. "पाठमोराच आहे की. पाठमोऱ्या फोटोत काय ओळखणार आहे? याच खोलीत तुम्ही म्हणाला होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक मीच.

"त्या पोरीला पाठमोरं उभं करायला निघाला होतात, तेव्हा ती कुणाच्या तरी घरची नव्हती? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा पेपर काढायचा असेल तर काढा. फक्त त्यात माझं नाव नको. आज नको आणि उद्याही नको. मी खाली जाऊन छपाईवाल्यांना सांगते, आणि तशीच घरी जाते."

मेहुणा खाली बघत होता. तो फलक अजून तिथेच होता, त्याच्यावर साहेबांची पाठ तशीच टाचलेली. साहेबांनी तिकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. मेहुणाच शेवटी म्हणाला, "छापा, भाऊजी. बायको विचारेल तर काय सांगायचं ते मी बघतो." मला तो माणूस कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी थोडा आवडला. फार नाही.

थोड्या वेळानं खालचं मशीन सुरू झालं आणि काकूंच्या टेबलावरचा कप सरकायला लागला. त्यांनी तो उचलून गार चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी गावानं त्या फोटोतल्या एकूण एक पाठी ओळखल्या. पानवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांनी. माईकवाल्याचा फोन आला, बदनामीचा दावा लावतो म्हणाला. काकूंनी शांतपणे विचारलं, "तुमचं नाव छापलंय का? तोंड छापलंय का? मग तुम्हाला कसं कळलं ते तुम्हीच आहात?" त्यानं फोन ठेवला. मेहुण्याचा चौकड्यांचा शर्ट पुन्हा कुणी पाहिला नाही.

पण हे सगळं वरवरचं. मला धाकधूक होती ती वेगळीच. पेपर त्या शाळेतही गेला असणार. कुणाच्या लक्षात आलं तर? कुणी दोन आणि दोन जोडले तर? काकूही घाबरल्या होत्या, त्यांनी दिवसभर एक ओळ लिहिली नाही. संध्याकाळी आम्ही मावशीकडे गेलो. मुलगी मशीनजवळ बसून कापडाचे तुकडे जोडत होती. काकू तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. यंत्र पिशवीतून काढलंसुद्धा नाही.

"आज बाईंनी तुमचा लेख वाचला," ती आपणहून म्हणाली. "सगळ्या वर्गाला. मोठ्यानं."

काकूंचा हात गुडघ्यावरच थांबला.

"मग बाईंनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. एक मुलगा म्हणाला, मी तर त्या माईकला चावलो असतो. सगळे हसले. मीपण हसले. मग मी हात वर केला."

"तू?" मी म्हणाले.

"हो. मी म्हणाले, तिथे एवढी मोठी माणसं उभी होती, कुणीतरी एकानं तरी बंद करा म्हणायला पाहिजे होतं."

मावशीनं मशीनवरचा पाय थांबवला. मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मग? सगळे तुझ्याकडे बघायला लागले?"

"नाही," ती म्हणाली आणि पुढचा तुकडा उचलला. "बाई म्हणाल्या, बरोबर आहे, बस खाली. मग त्यांनी गणिताचं पुस्तक काढायला सांगितलं."